वाचकांचे प्रश्न : काचपट्टीवरच्या पांढऱ्या पेशी

रक्ततपासणीच्या अहवालांविषयी वाचकांची पत्रे सतत येत असतात. त्यांतील पांढऱ्या रक्तपेशींसंबंधीची काही पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. लांब पत्रांतील मुख्य प्रश्न तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. पुस्तकातील चित्रांत पांढऱ्या रक्तपेशी जांभळ्या, गुलाबी, नारिंगी अशा स्पष्ट वेगवेगळ्या दिसतात. आमच्या प्रात्यक्षिकात मात्र सगळी काचपट्टी निळसर करडी दिसली आणि एकही पेशी ओळखता आली नाही. मुळात या पेशी पांढऱ्या असतील, तर त्यांना हे रंग येतात कुठून? (एक विद्यार्थिनी, अमरावती)

उत्तर : चित्रांतील रंग पेशींचे नसून रंजकांचे असतात. जिवंत पांढरी पेशी रंगहीन आणि जवळजवळ पारदर्शक असते. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की तळाच्या तांबड्या पेशी आणि वरचा पिवळसर प्लाझ्मा यांच्यामध्ये एक पातळ, मळकट पांढरा थर जमतो. तो या पेशींचा आणि प्लेटलेटचा असतो. एका घन मिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी पन्नास लाखांच्या आसपास असताना पांढऱ्या पेशी 4,000 ते 11,000 एवढ्याच असतात, त्यामुळे न रंगवलेल्या रक्तात त्या शोधणेही जिकिरीचे होते.

जर्मन संशोधक पाउल एर्लिख यांनी 1870 च्या दशकाच्या अखेरीस डांबरापासून बनवलेली नवी रंजके रक्ताच्या वाळलेल्या थरावर वापरून पाहिली, आणि एकसारख्या वाटणाऱ्या या पेशींत निरनिराळ्या जाती असल्याचे उघड झाले. पेशीतील कण कोणते रंजक धरून ठेवतात, यावरून त्यांनी केलेली विभागणी आजही चालते. आपल्याकडील प्रयोगशाळांत बहुधा लीशमन रंजक वापरतात. ते 1901 सालचे आहे. त्यात इओसिन हे आम्लधर्मी रंजक आणि मिथिलीन ब्लूपासून तयार होणारी अल्कधर्मी रंजके मिथेनॉलमध्ये विरघळवलेली असतात. केंद्रकातील डीएनए आणि पेशीद्रवातील आरएनए ही आम्ले असल्यामुळे ती अल्कधर्मी रंजक ओढून घेतात आणि जांभळी-निळी होतात. हिमोग्लोबिन आणि काही कणांतील अल्कधर्मी प्रथिने इओसिन धरतात आणि गुलाबी-नारिंगी होतात. तेव्हा पेशीत एखाद्या जागी दिसणारा रंग म्हणजे त्या जागी काय साठले आहे याचा पुरावा असतो, आणि पुढील सगळी ओळख या एका गोष्टीवर उभी आहे.

आपली काचपट्टी निळी-करडी पडली ती बहुधा पाण्यामुळे. रंजक ओतल्यावर पहिली दोन मिनिटे त्यातील मिथेनॉल पेशींना काचेवर पक्के बसवते. त्यानंतर रंजकाच्या दुप्पट बफर (सामू स्थिर राखणारे द्रावण) मिसळला की खरी रंगणी सुरू होते आणि तिला सात ते दहा मिनिटे द्यावी लागतात. या बफरचा सामू 6.8 असावा लागतो. घाईत नळाचे किंवा बोअरचे पाणी वापरले आणि त्याचा सामू वर असला, तर इओसिन नीट बसत नाही. म्हणून काचपट्टी हाती घेतल्यावर आधी तांबड्या पेशींकडे पाहावे; त्या गुलाबी नसतील तर पांढऱ्या पेशींबद्दल काही ठरवण्याच्या फंदात पडू नये, काचपट्टी पुन्हा रंगवावी.

दुसरे कारण जागेचे असू शकते. थेंब पसरल्यावर थराला एक जाड टोक आणि एक पातळ शेपूट मिळते. जाड भागात पेशी चेपून लहान आणि गडद दिसतात, शेपटात त्या पसरट होऊन फाटतात. शेपटाच्या थोडे अलीकडे, जिथे तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात, तिथे शंभर पटीची तेलाची लेन्स लावून पाहावे.

प्रश्न : न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट वगैरे पाच प्रकार शाळेपासून पाठ आहेत. परंतु कोणाच्या केंद्रकाला किती पाळ्या आणि कोणाचे कण कोणत्या रंगाचे, या वर्णनाचा पेशीच्या कामाशी काही संबंध असतो का, की ती नुसती ओळखपरेड आहे? (एक निवृत्त शिक्षक, कराड)

उत्तर : संबंध असतो, आणि सर्वांत सहज दिसतो तो न्यूट्रोफिलमध्ये. प्रौढ माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी साधारण 40 ते 75 टक्के पेशी या जातीच्या असतात. काचपट्टीवर तिचा व्यास 12 ते 15 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे तांबड्या पेशीच्या सुमारे दुप्पट भरतो. केंद्रक दोन ते पाच पाळ्यांत विभागलेले असते आणि त्या पाळ्या अगदी बारीक धाग्यांनी जोडलेल्या असतात. पेशीद्रव फिकट गुलाबी असून त्यात धुळीसारखे बारीक कण विखुरलेले असतात. रक्तवाहिनीच्या भिंतीतील दोन पेशींच्या फटीतून पलीकडच्या ऊतीत शिरणे हे या पेशीचे नित्याचे काम आहे, आणि अखंड गोल केंद्रकापेक्षा असे तुकड्यातुकड्यांचे केंद्रक त्या फटीतून अधिक सहज वळते, असे मानले जाते. हा प्रवास यूलियस कोनहाइम यांनी 1867 साली बेडकाच्या जिवंत ऊतीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नोंदवला. पेशी आधी वाहिनीच्या कडेला येते, भिंतीवरून गडगडत सावकाश होते, चिकटते आणि मग बाहेर सरकते.

तिचे कण म्हणजे शस्त्रागारच होय. जिवाणूला कवेत घेतल्यावर हे कण त्याच्याभोवती तयार झालेल्या पिशवीत रिकामे होतात. त्यांतील मायलोपेरॉक्सिडेज हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि क्लोराइड यांपासून हायपोक्लोरस आम्ल बनवते. कपडे शुभ्र करायच्या ब्लीचमध्ये जी रसायने काम करतात त्यांच्याच कुळातले हे आम्ल आहे. हे विकर स्वतः हिरवट रंगाचे असते, आणि पुवाला जी हिरवी झाक येते ती पुष्कळदा त्याचीच असते. अशी पेशी रक्तात काही तासच राहते. तिची भरपाई करण्यासाठी अस्थिमज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या पेशी तयार करते. जोराचा संसर्ग झाला की अस्थिमज्जा अर्धवट वयाच्या पेशीही बाहेर सोडते. त्यांच्या केंद्रकाला अजून पाळ्या पडलेल्या नसतात, ते वाकवलेल्या पट्टीसारखे दिसते. शिवाय पेशीद्रवातील कण नेहमीपेक्षा जाड आणि गडद होतात. ताप आलेल्या रुग्णाच्या काचपट्टीवर ही दोन लक्षणे एकत्र दिसली, तर एकूण संख्या अजून वाढलेली नसली तरी पाहणारा सावध होतो.

लिम्फोसाइटचे रूप याच्या अगदी उलट असते. लहान लिम्फोसाइट तांबड्या पेशीहून थोडीशीच मोठी असते. गोल, घट्ट, गडद केंद्रकाने ती जवळजवळ भरून गेलेली असते आणि कडेला निळ्या पेशीद्रवाची बारीक किनार तेवढी उरते. केंद्रक इतके घट्ट असण्याचा अर्थ असा, की त्यातील बहुतेक जनुके त्या वेळी मिटलेली आहेत आणि पेशी वाट पाहत आहे. विषाणूची गाठ पडली की तीच पेशी मोठी होते, केंद्रक सैल पडते, पेशीद्रव वाढून शेजारच्या तांबड्या पेशींच्या कडांना लपेटून बसते. बी जातीची लिम्फोसाइट पुढे जाऊन प्रतिपिंडे तयार करणारी प्लाझ्मा पेशी बनते, तेव्हा तर तिचे पेशीद्रव गर्द निळे होते, कारण प्रथिने बनवण्यासाठी लागणाऱ्या आरएनएची तिथे गर्दी झालेली असते. आणि केंद्रकाला लागून एक फिकट जागा दिसते, जिथे तयार माल बाहेर पाठवण्यापूर्वी बांधला जातो. या पेशी सहसा रक्तात दिसत नाहीत, अस्थिमज्जेच्या काचपट्टीवर दिसतात. माझ्या मते रूपावरून काम वाचण्याचे याहून चांगले उदाहरण नाही. मात्र लिम्फोसाइट टी जातीची आहे की बी, हे साध्या रंजकाने ओळखता येत नाही. त्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने तपासावी लागतात.

मोनोसाइट ही पाचांत सर्वांत मोठी, 15 ते 20 मायक्रॉनची. तिचे केंद्रक मूत्रपिंडाच्या आकाराचे, पेशीद्रव राखी निळे आणि पुष्कळदा त्यात पोकळ ठिपके. ऊतीत गेल्यावर ती महाभक्षी पेशी होते आणि मेलेल्या पेशींचा निचरा करते. हिवतापात परजीवीने मागे टाकलेले काळपट तपकिरी द्रव्य कधी कधी हिच्या पोटात सापडते, आणि परजीवी स्वतः सापडला नाही तरी तो खुणेचा दगड ठरतो. बेसोफिल शंभरात एखादीच मिळते. तिच्या जांभळ्या-काळ्या कणांखाली केंद्रक झाकून जाते. कणांत हिस्टामीन असते आणि ते पाण्यात विरघळणारे असल्यामुळे काचपट्टी नीट पक्की केली नसेल, तर त्यांच्या जागी रिकामी भोके दिसतात. इओसिनोफिलचे उत्तर पुढील प्रश्नात येत आहे.

हे सगळे मेलेल्या, वाळलेल्या पेशीचे वर्णन आहे, हे विसरू नये. एर्लिख यांच्या त्या प्रयोगांच्या सुमारासच, 1882 साली, रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून जिवंत पेशी त्याच्याभोवती गोळा होताना पाहिल्या होत्या. रंगवलेल्या पेशी पाहणारे एर्लिख आणि चालत्या पेशी पाहणारे मेचनिकॉव्ह यांच्यात प्रतिकारशक्तीच्या स्वरूपावरून मतभेद होते, तरी 1908 चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वीच्या अहवालात इओसिनोफिल 5 टक्के होते, आता 12 टक्के आहेत. मला अधूनमधून शिंका येतात, बाकी त्रास नाही. घरचे फार घाबरले आहेत. हे वाढणे धोक्याचे आहे का? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : आपण दोन्ही अहवालांच्या प्रती जोडल्या, हे बरे झाले. पहिल्या अहवालात एकूण पांढऱ्या पेशी 10,000 होत्या, म्हणजे 5 टक्के धरून इओसिनोफिल 500 होत्या. दुसऱ्यात एकूण पेशी 4,000 आहेत, म्हणजे 12 टक्के धरून 480. आपल्या इओसिनोफिल वाढलेल्या नाहीत. इतर पेशी त्या दिवशी कमी होत्या. टक्केवारी नेहमी एकूण संख्येशी गुणून पाहावी. प्रत्यक्ष संख्या घन मिलिमीटरला सुमारे 500 पर्यंत असेल तर ती सर्वसाधारण मानतात.

मोजणीतील चुकीचाही विचार करावा. हाताने मोजताना बहुधा शंभर पेशी पाहतात. शंभरात 5 सापडल्या, तर निव्वळ योगायोगाची शक्यता धरून खरा आकडा 2 ते 11 टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. 12 सापडल्या तर 6 ते 20 च्या मध्ये. म्हणजे दोन टोके एकमेकांत अडकतात. शिवाय इओसिनोफिल दिवसभर सारख्या राहत नाहीत. सकाळी कमी असतात आणि रात्री वाढतात. शिंकांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्या झपाट्याने खालीही येतात.

काचपट्टीवर ही पेशी चुकत नाही. केंद्रकाच्या दोन पाळ्या, आणि बाकी सगळी पेशी डाळिंबाच्या दाण्यांसारख्या ठसठशीत, एकसारख्या, नारिंगी-तांबड्या कणांनी गच्च भरलेली. या कणांत तीव्र अल्कधर्मी प्रथिने असतात. जंताची अळी एका पेशीला गिळता येणार नाही एवढी मोठी असते, तेव्हा इओसिनोफिल तिच्या अंगाला चिकटून ही प्रथिने तिच्यावर ओततात. दम्यात हीच प्रथिने आपल्याच श्वासनलिकांच्या अस्तराला इजा करतात.

आपण चंद्रपूरचे आहात म्हणून एक गोष्ट जोडतो. पूर्व विदर्भात हत्तीरोगाचा आढळ आहे, आणि हत्तीरोगाच्या जंतांविरुद्ध काही जणांचे शरीर फार तीव्र प्रतिक्रिया देते. तेव्हा रात्रीचा कोरडा खोकला, धाप आणि इओसिनोफिल 3,000 च्याही वर, असे चित्र दिसते. या विकाराला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया हे नाव 1943 साली मिळाले. पूर्वी अशा रुग्णांना क्षयाचे औषध दिले जाण्याचे प्रसंग घडत, वास्तविक डायइथिलकार्बामाझिन या जंतांवरील औषधाने ते बरे होतात. या विकारात जंताची पिल्ले रक्ताच्या काचपट्टीवर सहसा सापडत नाहीत. एरवी हत्तीरोगाच्या तपासणीसाठी रक्त रात्री दहानंतर घेतात, कारण ती पिल्ले बाहेरच्या रक्तात तेव्हाच येतात. आपली संख्या आणि लक्षणे पाहता या विकाराची शंका घेण्याचे कारण दिसत नाही. शिंकांसाठी मात्र डॉक्टरांना भेटावे.

प्रश्न : प्रयोगशाळा चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद होती. धापा टाकत गेल्यावर घेतलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी 12,500 आल्या. याचा संबंध असू शकतो का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : असू शकतो. रक्तवाहिन्यांतील न्यूट्रोफिलपैकी साधारण निम्म्या कोणत्याही क्षणी भिंतींना लागून असतात आणि नमुन्यात येत नाहीत. श्रम, भीती किंवा अ‍ॅड्रेनलिन यांमुळे त्या सुटून प्रवाहात येतात आणि संख्या काही मिनिटांत वाढते. दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ बसून रक्त द्यावे, आणि ताप वगैरे नसेल तर काही दिवसांनी एकदा तपासणी करून मोकळे व्हावे.

प्रश्न : भावाला डेंग्यू झाला तेव्हा सगळे 'पांढऱ्या पेशी कमी झाल्या' म्हणत धावपळ करत होते. डॉक्टर मात्र प्लेटलेटबद्दल बोलत होते. या एकच का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : एकच नव्हेत, आणि हा गोंधळ पावसाळ्यात घरोघरी होतो. प्लेटलेट हे अस्थिमज्जेतील एका प्रचंड पेशीपासून तुटलेले तुकडे असतात. त्यांना केंद्रक नसते, आकार 2 ते 3 मायक्रॉन असतो, आणि त्यांचे काम रक्तस्राव थांबवण्याचे. त्यांची सर्वसाधारण संख्या दीड ते साडेचार लाख. पांढऱ्या पेशी संसर्गाशी लढतात आणि त्यांची संख्या हजारांत मोजतात. डेंग्यूत दोन्ही कमी होतात, म्हणून बोलताना सरमिसळ होते. पुष्कळदा पांढऱ्या पेशी आधी घटतात, आणि काचपट्टीवर वर सांगितलेल्या मोठ्या, निळसर, सैल केंद्रकाच्या लिम्फोसाइट दिसू लागतात.

यंत्राने प्लेटलेट फार कमी दाखवल्या आणि रुग्ण मात्र ठीक दिसत असेल, तर काचपट्टी अवश्य पाहावी. जांभळ्या टोपणाच्या नळीतील ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे बनतात आणि यंत्राला ते गठ्ठे प्लेटलेट म्हणून मोजता येत नाहीत. तेलाच्या लेन्सखाली एका दृश्यात सरासरी दहा प्लेटलेट दिसल्या, तर दहाला 15,000 ने गुणून दीड लाख असा ढोबळ अंदाज बांधता येतो. गठ्ठे असतील तर सायट्रेटच्या निळ्या टोपणाच्या नळीत नमुना पुन्हा घेतात.

प्रश्न : हल्ली यंत्र मिनिटभरात पाची प्रकारांची मोजणी छापून देते. तरीही डॉक्टर वेगळी 'पेरिफेरल स्मिअर' तपासणी लिहून देतात आणि तिचे पैसे वेगळे पडतात. हे खरोखर आवश्यक असते का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : स्मिअर म्हणजे रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून पाहणे. ते दर वेळी आवश्यक नसते. निरोगी माणसाच्या नेहमीच्या तपासणीत यंत्राचा आकडा पुरेसा असतो, किंबहुना माणसापेक्षा चांगला असतो. वॉलेस कोल्टर यांना 1953 साली पेटंट मिळालेल्या तत्त्वानुसार पेशी एका बारीक छिद्रातून जाताना विजेच्या प्रवाहाला जो अडथळा करते, त्यावरून तिचा आकार कळतो. आधुनिक यंत्रे त्याला लेसरची जोड देतात आणि हजारो पेशी पाहतात. पूर्वी हे काम न्यूबॉअरच्या कोरीव काचेवर होई. रक्त वीस पट पातळ करून, अ‍ॅसिटिक आम्लाने तांबड्या पेशी विरघळवून, चार कोपऱ्यांच्या चौकोनांत पेशी मोजायच्या आणि पन्नासने गुणायचे. 140 पेशी भरल्या की 7,000. पाच-दहा पेशी इकडेतिकडे झाल्या तरी उत्तर शेकड्यांनी बदलते, म्हणून त्या काळाबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

पण यंत्राला ठाऊक नसलेली पेशी आली की ते फक्त खुणेचा इशारा छापते. सिकलसेल किंवा थॅलसेमियाच्या रुग्णांच्या रक्तात केंद्रक असलेल्या कच्च्या तांबड्या पेशी येतात, आणि पुष्कळ यंत्रे त्यांना पांढऱ्या पेशींत धरतात. यंत्राने 20,000 सांगितले आणि काचपट्टीवर शंभर पांढऱ्या पेशींमागे शंभर अशा तांबड्या पेशी दिसल्या, तर खरी संख्या 10,000 निघते. रक्ताच्या कर्करोगातील अपरिपक्व पेशींचे पेशीद्रव निळे, केंद्रक मोठे आणि त्यात फिकट केंद्रकबिंदू असतात. त्यांतील एखाद्या पेशीत तांबडी, सुईसारखी काडी सापडली, तर रोग मायलॉइड कुळातला आहे हे तिथेच ठरते. एकाच पेशीत अशा काड्यांची जुडी दिसली, तर तो प्रोमायलोसाइटिक प्रकार असण्याची दाट शंका येते. त्यात पहिल्या काही दिवसांत रक्तस्रावाने जीव जाऊ शकतो आणि अ जीवनसत्त्वापासून बनवलेल्या औषधाने तो वाचूही शकतो. अशा दिवशी अहवाल छापून होण्याची वाट न पाहता दूरध्वनी करावा लागतो.

आपल्या भागात अधिक वेळा उपयोगी पडणारे उदाहरण साधे आहे. पूर्ण शाकाहारी आणि दूधही बेताचेच घेणाऱ्या माणसात बी-12 ची उणीव पुष्कळ आढळते. हिमोग्लोबिन फारसे घसरण्यापूर्वीच न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला सहा-सहा पाळ्या दिसू लागू शकतात. लोहाची कमतरताही सोबत असेल, तर तांबड्या पेशींचा सरासरी आकार यंत्रात सर्वसाधारण येतो, कारण एक उणीव पेशी लहान करते आणि दुसरी मोठी; पाळ्या मात्र तशाच राहतात. तेव्हा डॉक्टरांनी स्मिअर लिहिली असेल तर ती करून घ्यावी, आणि नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जाणार असेल तर काचपट्टी जागच्या जागी, रक्त घेतल्यापासून दोन-तीन तासांत ओढून द्यायला सांगावे. त्याहून जास्त वेळ नळीत राहिलेल्या पेशींच्या केंद्रकांचे आकार बिघडतात, मोनोसाइटमध्ये नसलेली भोके दिसू लागतात, आणि वाचणाऱ्याला रोग कोणता आणि उशीर कोणता हे सांगता येत नाही.